वाळीत टाकायचं बटण

आमच्या वेबसाइटवरून एका माणसाला काढून टाकायचं ठरलं, तेव्हा चहाला उकळी येईपर्यंत ते काम होईल असं मला वाटलं होतं. एक बटण होतं. ते दाबलं की माणूस जातो, असं बटणाखाली लिहिलेलंही होतं. मग पावसाळा गेला, भातं कापून झाली, थंडी पडली. माणूस होता तिथेच होता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आईवडील दोघंही मजुरांच्या संघटनेत. शहापूरच्या आमच्या खोलीत कपाटात कपडे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. कुठलाही छापील मजकूर 'जाहीर आवाहन' या शब्दांनीच सुरू होतो अशी माझी लहानपणी समजूत होती. चौथीत मी गायीवरचा निबंध तसाच सुरू केला. जाहीर आवाहन! गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे. बाईंनी लाल रेघ मारली. वडिलांना मात्र निबंध आवडला. शेवटी मागणी नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

मोठी झाल्यावर मी कागदाऐवजी वेबसाइट काढली. शहापूर आणि मुरबाड, दोन तालुक्यांतल्या पाड्यांसाठी. वनहक्काचे दावे, मजुरीचे दर, रेशन, धरणाचं पाणी कुठे जातं आणि कुठे जात नाही, यावर मी पोटतिडकीनं लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. लोक एकच पान उघडायचे. त्याला आम्ही 'फळा' म्हणायचो. मोबाइल नंबरनं नाव नोंदवायचं आणि फळ्यावर हवं ते लिहायचं. इथे शोषणाला वाचा फुटेल अशी माझी योजना होती. लोक लिहायचे:

"डोळखांबची गाडी आली काय?"

"आली."

"कुटं आली?"

"पुढं गेली."

थोड्याच दिवसांत फळा म्हणजे बसचा फळा झाला. मी खट्टू झाले. आई झाली नाही. "आमची पत्रकं लोक शेंगदाणे बांधायला न्यायचे," ती म्हणाली. "तुझं निदान वाचतात."

फळा सगळ्यात जास्त कोण बघायचं, ते मला ठाऊक होतं. धसईच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत एक पाडा आहे. तिथली एक मुलगी मुरबाडला नर्सिंग शिकत होती. सकाळी तिची ड्यूटी असायची आणि हजेरी गेटावरच घेत. उशिरा आली की गैरहजर. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला कावीळ झाली होती, त्यात बरीच हजेरी गेली. आणखी गेली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं बाईंनी तिला बजावलं होतं. तिच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. ती मावशीजवळ पाड्यावर राहायची. वर्ष वाया गेलं तर पुढच्या दिवाळीला तीही भट्टीवर जाणार, हे ठरलेलं होतं. त्यावर घरात भांडण नव्हतं. त्यामुळेच ते पक्कं होतं.

सकाळची बस आतल्या गावाहून यायची आणि फाट्यावर थांबायची. पाड्यावरून फाटा दिसत नाही. म्हणून ती फळा बघायची. आणि फळ्यावर अधूनमधून यायचं: "आज गाडी नाय. कळावे."

हे लिहिणारा जीपवाला होता. त्याची जीप पाड्याच्या तोंडाशी चिंचेखाली उभी असायची. 'गाडी नाय' वाचून लोक जीपमध्ये बसायचे. जीप भरल्याशिवाय हलायची नाही. सगळे बसून राहायचे, आणि तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजायचा, बस निघूनही जायची. मुलगी मुरबाडला पोचायची तेव्हा गेट बंद.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं मला फोन केला. "ताई, ह्याला काढा. नायतर मी जाते."

मी बटण दाबलं. एवढ्यावर थांबले असते तर मी पत्रकांच्या घरातली कसली? फळ्यावर मी तीन परिच्छेदांचं निवेदन लावलं. 'कष्टकऱ्यांच्या प्रवासाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या खोटारड्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध.' जीपवाल्यानं ते जीपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. एका म्हातारीनं विचारलं, "प्रवृत्ती म्हंजे कोण रं?"

"मी," जीपवाला म्हणाला.

हे मला मुलीनंच सांगितलं. जीपमध्ये त्या दिवशी जागा मिळेना, असंही सांगितलं.

दोन दिवसांनी फळ्यावर नवीन सभासद आला. "आज गाडी नाय. कळावे." नंबर त्याच्या बायकोचा होता. तो काढला. मग मेहुणा आला. मग सासू आली. सासूला लिहिता येत नव्हतं, पण 'कळावे' मात्र येत होतं. मी 'कळावे' हा शब्दच अडवला. त्यानं 'कळविणेत येते' लिहिलं.

मग मी खर्डीच्या माझ्या मित्राला हाताशी धरलं. तो मुंबईला कामाला जातो आणि वेबसाइटचं तांत्रिक काम फुकटात बघतो. "टेन्शन नाय," तो म्हणाला. "पत्ताच ब्लॉक मारू." प्रत्येक फोनला इंटरनेटवर पत्ता असतो, तो अडवला की माणूस नंबर बदलून येऊ शकत नाही, असं त्यानं मला समजावलं. पत्ता अडवला. आमच्याकडे एका टॉवरखालचे सगळे फोन बहुधा एकाच पत्त्यावर राहतात, एकत्र कुटुंबासारखे, हे त्याला नंतर कळलं. सगळी धसई बंद झाली. मी त्या दिवशी धसईच्या बाजारात होते, त्यामुळे मीही बंद झाले. मी मित्राला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "पण तो गेला ना?" तो गेला नव्हता. तो मुरबाडला गेला होता, भाडं घेऊन, आणि तिथून लिहीत होता.

मग मी तत्त्वाला धरून उपाय काढला. नवीन सभासदाला दोन जुन्या सभासदांनी ओळखलं पाहिजे. लोकांची ओळख लोकांनीच द्यायची, हे मला फार लोकशाहीचं वाटलं. जीपवाल्यानं मेहुण्याच्या मुलाच्या नंबरवरून अर्ज केला, आणि बाजारातल्या झाडून सगळ्यांनी त्याला ओळखलं. भाजीवालीनं 'आमचाच हाय' असा शेराही मारला. त्याच आठवड्यात बदलून आलेल्या एका शिक्षकांनी अर्ज केला होता. सज्जन माणूस. त्यांना कुणीच ओळखलं नाही. ते अजून आत आलेले नाहीत.

यानंतर मी जे केलं ते रागात केलं. फळ्यावर 'गाडी' आणि 'नाय' हे शब्द एका ओळीत आले तर ती ओळ आपोआप पुसली जाईल, असं मित्राकडून करून घेतलं. दोन्ही तालुक्यांत 'नाही' म्हणणारी माणसं किती असतील याचा विचार मी केला नव्हता. घरात मीसुद्धा 'नाय'च म्हणते. 'नाही' मी फक्त लिहिताना म्हणते. पाड्यांची भाषा ही पाड्यांची शान आहे, यावर माझा एक लांबलचक लेख त्याच वेबसाइटवर होता. तो कुणी वाचलेला नव्हता, म्हणून बरं. फळ्यावर शुद्धलेखन नांदू लागलं. दोन मुख्याध्यापक उरले.

"आज गाडी आलेली नाही."

"माहितीबद्दल आभारी आहे."

ती ओळ पुसायची सोय मी चौथ्या दिवशी काढून टाकली.

तेवढ्यात जीपवाल्याला सगळ्यात सोपा मार्ग सापडला. जीपमध्ये बसलेल्या माणसाला तो म्हणायचा, "जरा फोन दे रं, माझा रिचार्ज संपलाय." कोण नाही म्हणणार? तो त्या फोनवरून लिहायचा. मग मीही नियम केला: जो त्याला फोन देईल, त्यालाही फळ्यावरून काढण्यात येईल. एकेक करून मी त्या रस्त्यावरचे जवळजवळ सगळे प्रवासी काढले. ज्यांच्यासाठी फळा होता, ती सगळी माणसं बाहेर गेली. जीपवाला आत होता.

मुलीकडचा फोन तिच्या मावशीचा होता. मावशी एकदा जीपनं बाजाराला गेली.

"फोन दिला तर काय झालं?" मावशीचं म्हणणं. "जीव थोडाच दिला?"

त्या फोनवरचा फळा बंद झाला, आणि मुलगी त्या सकाळी अंदाजानं चिंचेखाली जाऊन जीपमध्ये बसली. बस वेळेवर आली होती. तिनं मला दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून कळवलं, की आता एकही दिवस गेला तर संपलं. आवाज चढलेला नव्हता. "ताई," ती म्हणाली, "मी तुमाला त्याला काढायला सांगितलं होतं. तुमी मला काढलंत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सरळ पाड्यावर गेले. जीप चिंचेखाली होती. जीपवाला बोनेटवर बसून फोन बघत होता. पन्नाशीचा, बारीक, गळ्यात मफलर. मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, "ये बाय. निषेध करायला आलीस?"

"काका, तुम्ही खोटं लिहिता," मी म्हणाले.

"लिवतो."

माझं पुढचं भाषण त्याच्या नकारावर बेतलेलं होतं. ते तिथेच थांबलं.

"का लिहिता?"

"जीप भरायला." त्यानं मागच्या सीटकडे हात केला. दोन बाया आणि एक कोंबडी बसली होती. "ही काय तुझ्या निवेदनानं भरंल?"

"तुमच्यामुळे एका मुलीचं वर्ष जाईल."

"माज्यामुळं? मी तिला कदी जीपमदून उतरवलं नाय. फळ्यावरनं उतरवलं ते तू." मग तो बायांकडे वळला. "हिनं मला वाळीत टाकलंय. ऐकलं काय? आणि माज्याशी बोलंल त्याला पण. तुमी बसलायत, आता तुमी पण गेलात."

बाया हसल्या. "आमच्याकडं फोनच नाय," एक म्हणाली. "आमाला कुटनं काढतील?"

"वाळीत टाकणं वेगळं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तो गुन्हा आहे. त्याच्याविरुद्ध कायदा आहे. त्यावरचं पत्रक मी स्वतः लिहिलंय."

"मंग तुलाच म्हाईत असंल," जीपवाला म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन मी आईपुढे सगळा संताप ओतला. वाळीत हा शब्द आमच्या घरात साधा नाही. माझ्या आजोबांनी गावच्या पंचांचं ऐकलं नाही म्हणून आईचं माहेर वाळीत पडलं होतं. दुकानदार मीठ द्यायचा नाही. आई शाळेत एकटी बसायची. तिच्याशी बोलणाऱ्या मैत्रिणीच्या घरालाही पंचांनी वाळीत टाकलं, मग मैत्रीण बोलायची बंद झाली. त्या शब्दाविरुद्ध आईनं आयुष्य घातलं, आणि एक जीपवाला तो शब्द माझ्या तोंडावर फेकतो!

आई तांदळाची भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "त्याला फोन देणाऱ्याचं काय करता?"

"त्यालाही काढतो."

"आणि फोन देणाऱ्याला कुणी आपला फोन दिला तर?"

"ते अजून ठरलेलं नाय."

"ठरेल," आई म्हणाली. "आमच्याकडे पण ते नंतरच ठरलं होतं." आणि तिनं भाकरी उलटली.

जेवण झाल्यावर मी फोन देणाऱ्यांचा नियम काढला, आणि बाहेर गेलेल्या सगळ्यांना परत घेतलं. हे मी कुठलंही निवेदन न लावता केलं. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच झालं असेल. जीपवाल्याचं काय करायचं ते मात्र मला सुचेना. मी मुलीला फोन लावला आणि तिलाच विचारलं. तिला अभ्यास होता; ती घाईत होती.

"ताई, तुमी मदी 'नाय' बंद केलं होतं ना?"

"चूक झाली ती."

"चूक नाय. अर्धंच केलंत. 'नाही' पण बंद करा. नसलेल्या गाडीची बातमी कशाला पायजे? असलेली सांगा. 'आली' तेवडंच ठेवा. नायतर तो रिकाम्या रस्त्याचा फोटो पण टाकंल, आणि रिकामा रस्ता कदीचापण खराच दिसतो."

मी माणूस काढायच्या मागे होते. तिनं वाक्य काढलं. मित्रानं रात्रीत ते बसवलं. आता फळ्यावर लिहिताच येत नव्हतं. गावाचं नाव निवडायचं आणि 'आली' दाबायचं, बस. गाडी नसल्याचं खोटं कुणी सांगूच शकत नव्हतं, आणि गाडी असल्याचं खोटं सांगून जीपवाल्याला काय मिळणार होतं? असत्याचा पराभव झाला, असं मी वडिलांना सांगितलं. वडिलांनी चष्मा पुसला आणि पुरावा मागितला.

चार दिवस फळा स्वच्छ चालला. पाचव्या दिवशी सकाळी आतल्या गावापुढे 'आली' उमटलं, नेहमीपेक्षा जरा लवकर. सगळा पाडा धावत फाट्यावर उतरला. फाट्यावर बस नव्हती. जीप होती. चिंचेखालून ती फाट्यावर येऊन उभी होती.

"आली होती," जीपवाला हळहळून म्हणाला. "आत्ताच गेली बगा."

लोक एकदम आले होते, त्यामुळे जीप एकदम भरली आणि एकदम निघाली. मागून बस आली तेव्हा फाट्यावर कुणी नव्हतं.

हे मला कळलं तेव्हा मी मुलीला फोन केला. तिची हजेरी लागली होती का?

"लागली की. गेट उघडायच्या आधी पोचले."

"पण तो खोटं बोलला."

"हो."

"मी त्याला आजच्या आज काढते."

"ताई," मुलगी म्हणाली, "त्याला आता हात नका लावू. परीक्षा होईपर्यंत तरी. आदी तो खोटं बोलायचा आणि जीप हलायची नाय. आता खोटं बोलतो आणि जीप सुटते."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. सत्य हे सोय बघून धरायचं नसतं, इथून सुरू होणारं, चांगलं मोठं. पण तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटावर उभं राहायचं होतं, मला नाही. मी फोन ठेवला. पुढे परीक्षेपर्यंत काही सकाळी बस खरी आली आणि काही सकाळी जीपवाल्यानं आणली. तिची हजेरी बुडली नाही. बाईंनी तिला परीक्षेला बसायची परवानगी दिली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांची बैठक होती, म्हणून मी तिथेच मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या सकाळी, फळ्यावर 'आली' उमटलं. मुलगी गणवेशात, केस चापूनचोपून बांधलेले. आम्ही सगळे फाट्यावर उतरलो. जीप उभी होती. जीपवाल्यानं तोंड हळहळीचं केलेलं होतं आणि 'आत्ताच गेली' त्याच्या ओठांवर होतं. तेवढ्यात वळणावरून लाल बस आली. नेहमीपेक्षा लवकर. मला वाटतं, फळ्यावर स्वतः लिहिलेलं खरं झालेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"आयला," तो म्हणाला. "आली."

लोक बसकडे पळाले. मुलगी सगळ्यांत पुढे. बायकांना बसमध्ये अर्धं तिकीट असतं, जीपमध्ये नसतं.

"अगो, जीप आदी पोचवंल तुला!" तो ओरडला.

"काका, आज खरी आलीय!" ती पायरीवरून म्हणाली, आणि आत गेली. बस निघाली. मी बस आणि जीप यांच्यामध्ये उभी होते, खरं तर त्याला दोन शब्द सुनवायला थांबले होते, आणि त्यात माझी बस गेली.

जीपवाला स्टेअरिंगवर बसला. जीपमध्ये कुणी नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली. "ये बाय, बस," तो म्हणाला. मी बसले, आणि आणखी माणसांची वाट न बघता तो निघाला, बसच्या मागे. धसई गेली, तरी तो भाडं घ्यायला थांबला नाही. दोन माणसांनी हात केला, त्यांनाही घेतलं नाही.

"रिकामी कुठे चाललात?" मी विचारलं.

"ही बस परवा बंद पडली होती. आजपण पडली तर? पोरीची परीक्षा हाय."

मी विचारलं, "मुलीसाठी चाललात, की बस बंद पडली तर सगळे पाशिंजर मिळतील म्हणून?"

"पडू तर दे आदी," तो म्हणाला. "मंग बगू."

मुरबाडपर्यंत आम्ही बसच्या धुरात चाललो. बस बंद पडली नाही. मुलगी उतरली, पदवीदान समारंभाला चालल्यासारखी ताठ, आणि मागे न बघता गेटातून आत गेली. जीपवाल्यानं ते पाहिलं. मग त्यानं जीप परतीच्या रस्त्याकडे वळवून उभी केली आणि खिशातून फोन काढला. बोट फळ्यावर कुठे जातंय ते मला शेजारून दिसत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.